मनोऱ्याची फाइल

१

कपाटात चाळीस नंबरच्या प्लॉटची फाइल होती, बेचाळीसची होती. एक्केचाळीसची नव्हती. दोन्हींच्या मध्ये चार बोटं जातील एवढी फट होती आणि निरीक्षकबाईंनी त्यात बोटं घालूनही पाहिली. फाइल काही मांजर नव्हे, चाहूल लागली म्हणून मागे दडून बसायला. तरी त्यांनी कपाटामागे पाहिलं, वर पाहिलं, शेजारच्या तिन्ही कप्प्यांतली प्रत्येक फाइल उलथीपालथी केली. दहाला सुरू केलं ते अकरा वाजले.

बांधकाम परवानगी विभागात या बाईंना मागे सगळे 'ओळंबा' म्हणत. भिंत सरळ आहे की कललेली, हे पाहायला गवंडी दोरीला जे वजन बांधतो ते ओळंबा. बाई तो खरोखर पर्समध्ये बाळगत आणि भल्याभल्या बिल्डरांच्या भिंतीला लावून त्यांचा दिवस नासवत. एकतीस वर्षांत त्यांनी ज्या कागदावर सही केली तो कागद कधी खोटा ठरला नव्हता. निवृत्तीला नऊ महिने उरले होते.

हरवलेली फाइल होती एका हौशी रेडिओवाल्याच्या मनोऱ्याची. घरामागच्या अंगणात साठ फूट लोखंडी मनोरा, वर ॲन्टेना, तीन बाजूंनी ताणलेल्या तारा. तीन वर्षांपूर्वी परवानगी दिली बाईंनीच. या मार्चअखेर मालकाने नूतनीकरणाचा अर्ज केला, त्याची शिफारसही त्यांचीच. मनोऱ्याच्या लहरी आपल्या टीव्हीत घुसतात, अशी तक्रार शेजारणीने जूनमध्ये केली आणि तिची सुनावणी आज चार वाजता होती.

साहेब बदलीवर येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. नवीन झाडू कोपरे जास्त झाडतो, तसं त्यांचं चाललं होतं. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे सांगितलं की मंजूर नकाशा समोर नसेल तर तो मनोरा बेकायदा धरला जाईल, उद्या सकाळी पाडकाम पथक जाईल.

"आणि मॅडम, नकाशाच नव्हता तर तुम्ही सही कशावर केली, हेही मला वर कळवावं लागेल. निलंबनाचा कागद मी काही आनंदाने लिहीत नाही," साहेब म्हणाले.

आनंदाने नाही म्हणाले, पण पेनचं टोपण काढलेलं होतं.

बाई शेजारच्या आरेखन खोलीत आल्या. रेकॉर्ड रूमची किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली असे. ती घेणारी माणसं तीन: साहेब, बाई आणि नकाशेदादा. नकाशेदादा म्हणजे ऑफिसचे आरेखक, पंचवीस वर्षं बाईंसोबत एका टेबलावर डबा खाणारा एकुलता एक माणूस. बाकी ऑफिस ओळंब्यापासून चार हात लांबच राही.

दादा आपल्या तिरक्या ड्रॉइंग बोर्डापाशी उभे होते. बातमी ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. फाइल बाहेर गेलेली असणं शक्य नाही, असं त्यांचंही मत पडलं. मागे एकदा कागद फुटल्यापासून फाटकावरचा पहारेकरी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघत असे, डब्याची झाकणंसुद्धा सोडत नसे. "आहे ती इथेच कुठेतरी, ताई. मी शोधतो, तुम्ही त्या म्हाताऱ्याकडे त्याची प्रत आहे का बघा," दादा म्हणाले. बोलताना त्यांची पेन्सिल बोर्डावरून घरंगळली. बाईंनी ती अलगद झेलली आणि परत ठेवली, तर ती पुन्हा घरंगळली.

दादांनी ती कानावर खोचली आणि तोंड जरा वाकडं करून गाल चोळला. काल लेकीने दाढेवर टोपी बसवून दिली होती, अजून ठणकत होती. "घरची डॉक्टर, म्हणून तक्रारही करता येत नाही," ते म्हणाले. एरवी बाई हसल्या असत्या.

२

मनोऱ्याच्या मालकाचं आणि बाईंचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. हा माणूस पूर्वी जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती, म्हणून सगळी गल्ली त्याला ओव्हरकाका म्हणे, प्रेमाने नव्हे. तीन वर्षांपूर्वी बाईंनी त्याच्या मनोऱ्याचा पाया दोन बोटं सरकलेला पकडला आणि सगळा फोडून नव्याने भरायला लावला. त्याने बाईंविरुद्ध चार पानी तक्रार केली. तीत 'अडाणी' हा शब्द सहा वेळा होता. बाईंनी मोजला होता.

दार सुनेने उघडलं. बाई कशाला आल्यात हे कळल्यावर तिने आत यायला वाट दिली आणि हलक्या आवाजात विचारलं की खरंच पाडणार का. त्या प्रश्नात काळजी नव्हती, आशा होती.

"त्या तारांमुळे मला अंगणात दोरी बांधता येत नाही, ताई," सून म्हणाली. "ओले कपडे घेऊन मी जिना चढते. दुपारी एक ते पाच बाबा घोरत पडतात तेवढीच घराला शांतता. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की यांची बोंबाबोंब सुरू."

ओव्हरकाकांची रेडिओची खोली म्हणजे मागचा व्हरांडा. यंत्रं, वायरी, भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यावर दोन घड्याळं. एक बरोबर अकरा पन्नास दाखवत होतं. दुसरं सहा वीस. जगाशी गप्पा मारणाऱ्या माणसाला घड्याळ लावायला सवड नाही, असं बाईंच्या मनात आलं.

नकाशाची प्रत मागताच काका उसळले. प्रत तुमच्याच ऑफिसने मागून घेतली, असं ते म्हणाले. नूतनीकरणाला शिक्का मारलेला मूळ नकाशा जोडा म्हणालात, जोडला. वर्षभर वापर नसेल तर मनोरा उतरवावा लागतो, म्हणून वापराचा पुरावा द्या म्हणालात, तर लॉगबुकातल्या मार्चच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. सगळं त्याच फाइलीत. आता ती तुम्ही गिळलीत.

"चोर ते चोर आणि वर माझ्याच दारात चौकशीला. ओव्हर."

तक्रार वाचलीत का, असं बाईंनी विचारलं. नव्हती वाचली. शेजारणीचं नाव पाहून त्यांनी पाकीट न उघडताच पोस्टमनच्या अंगावर परत फेकलं होतं. चालू लॉगबुक मात्र त्यांनी बाईंच्या पुढ्यात आपटलं. रोज कोणाशी बोललो, किती वाजता बोललो, सगळं यात आहे, बघा आणि चालत्या व्हा.

बाईंनी पर्समधून तक्रारीची टाइप केलेली प्रत काढली. तीत बारा प्रसंग होते, तारीख आणि वेळेसकट, सगळे मार्चमधले. तीन तारखेला दुपारी दोन वीस. लॉगबुकात तीन मार्च, १४:२०. सात तारखेला दुपारी तीन पाच. लॉगबुकात सात मार्च, १५:०५. त्या खाली बोट सरकवत गेल्या. बाराच्या बारा वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या.

म्हणजे शेजारीण खरं बोलत होती आणि म्हाताऱ्याची वहीच तिची साक्षीदार होती. फाइल सापडली तरी आता तिचा उपयोग काय, हे त्यांना कळेना.

३

शेजारीण दातांची डॉक्टर. घराच्या खालच्या मजल्यावर दवाखाना, वर गच्ची. बाई पोहोचल्या तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती आणि डॉक्टरीणबाई हातमोजे काढत होत्या.

त्यांनी बाईंना बसा म्हटलं नाही. तुम्हीच त्या म्हाताऱ्याला डोक्यावर बसवलंत, असं सुरू करून त्यांनी अकरा वर्षांचा सगळा इतिहास बाहेर काढला. कुंपणाच्या भिंतीवरून भांडण झालं तेव्हापासून त्या घराची पायरी त्या चढलेल्या नाहीत, तो माणूस इकडे आलेला नाही, सून समोरून आली तरी मान फिरवून जाते.

"मी पेशंटच्या तोंडात हात घालून बसलेली असते," त्या म्हणाल्या, "आणि बाहेरच्या टीव्हीतून हा ओरडतो, ओव्हर, ओव्हर. पेशंट दचकतो. माझा हात हलला तर कोणाच्या जिभेवर जाईल? सांगा ना."

वेळा टिपल्या कुणी, असं बाईंनी विचारलं. मीच, डॉक्टरीणबाई चटकन म्हणाल्या. मार्चनंतर का नाही टिपल्या? कंटाळा आला. मग जूनमध्ये तक्रार कशी सुचली? यावर त्यांनी कपाट बंद केलं ते जरा जोरातच.

बाई निघणार तर टेबलावर घराचा एक नकाशा गुंडाळून ठेवलेला दिसला. वरचा मजला चढवताय का, असं त्यांनी सहज विचारलं आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. मुलाचं लग्न ठरलंय. होणारी सूनही दातांचीच डॉक्टर, हात फार हलका आहे पोरीचा. वरच्या मजल्यावर दोघांचा संसार, खाली तिघांचा दवाखाना. पण मंजूर मनोरा जेवढा उंच, तेवढ्या अंतरात शेजाऱ्याला नवा मजला चढवता येत नाही, हा तुमचाच नियम. तो खांब उभा आहे तोवर पोरांनी राहायचं कुठे?

बाईंनी पर्स सावरली. नियम त्यांनी केलेला नव्हता, पण आयुष्यभर त्याच्याच बाजूने उभ्या राहिल्या होत्या आणि लोकांच्या लेखी दोन्ही सारखंच.

बाहेर पडल्या तसं मागे शटर खाली आलं. शटरवर रंगवलेली पाटी होती: सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते नऊ. बाईंनी ती वाचली, दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. त्यांनी पाटी पुन्हा वाचली.

दुपारी दोन वीसला या शटरामागे ना पेशंट असतो ना डॉक्टर. मग दचकलं कोण?

४

पलीकडे चहाच्या टपरीचं बाक होतं. बाई त्यावर बसल्या. रागाने डोकं चालत नाही असं लोक म्हणतात. बाईंचं रागातच जास्त चाले.

दवाखाना दुपारी बंद. म्हणजे तक्रारीतली वेळ खोटी. बरं, मग वहीत तीच वेळ कशी? आणि सून म्हणाली, दुपारी एक ते पाच बाबा घोरत असतात. घोरणारा माणूस दोन वीसला रेडिओवर बोलेल कसा? दोघांनी मिळून एकच खोटं लिहावं, तर त्या दोघांत अकरा वर्षं शब्द नाही. भिंत दोन्ही बाजूंनी वाकडी दिसली तर आधी आपला ओळंबा तपासावा, असं बाईंना शिकवणारा गवंडी म्हणत असे.

त्या उठल्या आणि पुन्हा ओव्हरकाकांचं दार वाजवलं. काका झोपायच्या तयारीत होते, तोंडावर दार लावणार तेवढ्यात बाईंनी पाय आत ठेवला.

"एकच विचारते. वहीतल्या वेळा तुम्ही कोणत्या घड्याळाच्या लिहिता?"

ओव्हरकाकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की 'अडाणी' हा शब्द सातव्यांदा ऐकू येतो की काय. मग ते म्हणाले, अर्थात दुसऱ्या घड्याळाच्या. समोरचा माणूस जगाच्या कुठल्या टोकाला असेल सांगता येत नाही. त्याच्याकडे सकाळ, माझ्याकडे रात्र. म्हणून सगळे रेडिओवाले एकच जागतिक वेळ लिहितात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगबुकाच्या पहिल्या पानावरच छापलंय. तुमच्यासारख्यांनी पहिलं पान वाचायचं नाही असं ठरवलंय, त्याला मी काय करू. ओव्हर.

बाई दारातच उभ्या राहिल्या. १४:२० म्हणजे इथले संध्याकाळचे सात पन्नास. त्या वेळी काका जागे असतात, सून स्वयंपाकाला लागलेली असते, दवाखाना उघडा असतो. वही खरी होती. खोटी होती ती तक्रार. ऐकून लिहिलेली नव्हती, वहीवरून उतरवलेली होती. आणि उतरवणाऱ्याला रेडिओवाल्यांचं घड्याळ ठाऊक नव्हतं.

वही घरात. घरात सून, तिला मनोरा नको. पण तिला सासऱ्याची झोप ठाऊक आहे, तिने दुपारची वेळ लिहिली नसती. शिवाय घरातलं लॉगबुक कालपर्यंतचं आहे. मग तक्रार मार्चपाशीच का थांबावी? मार्चपाशी थांबणारी पानं एकाच ठिकाणी होती. नूतनीकरणाच्या अर्जाला जोडलेल्या झेरॉक्स, ज्यांत पहिलं पान नव्हतं.

म्हणजे ज्याने तक्रार लिहून दिली, त्याच्यासमोर ती फाइल उघडी होती. त्यासाठी रेकॉर्ड रूमची किल्ली लागते. किल्ली घेणारी माणसं तीन. तक्रार आली तीन आठवड्यांपूर्वी, साहेब आले पंधरा दिवसांपूर्वी, त्याआधी महिनाभर ती खुर्ची रिकामीच होती. एक बाई स्वतः.

तिसऱ्याचं नाव मनात येऊ नये म्हणून त्यांनी हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडला आणि पुन्हा तिथेच पोहोचल्या. होणाऱ्या सुनेचा हलका हात आठवला, दाढेवरची टोपी आठवली. मग ती दोनदा घरंगळलेली पेन्सिल आठवली आणि फाइल कुठे आहे तेही त्यांना कळलं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

"चार वाजता सुनावणीला या," त्या काकांना म्हणाल्या.

काका म्हणाले, माझी झोपेची वेळ आहे. पण आले.

५

सुनावणी आरेखन खोलीत झाली, कारण साहेबांच्या केबिनला रंग लागत होता. साहेब मध्ये, डॉक्टरीणबाई उजवीकडे, काका त्यांच्याकडे पाठ करून डावीकडे. नकाशेदादा आपल्या बोर्डापाशी उभे होते. बाई आत येताच त्यांनी हळूच मान हलवली, सगळीकडे पाहिलं, नाही सापडली. त्यांच्या चेहऱ्यावरची कळकळ खरी वाटावी अशी होती.

साहेबांनी विचारलं, "फाइल?"

बाई म्हणाल्या, आधी तक्रार पाहू. त्यांनी डॉक्टरीणबाईंना तीन मार्चचा प्रसंग सांगायला लावला. दुपारी दोन वीस, पेशंट खुर्चीत, टीव्हीतून आवाज. मग बाईंनी दवाखान्याच्या पाटीवरची वेळ सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तातडीचा पेशंट होता. बाराही दिवस?

मग बाईंनी काकांचं लॉगबुक साहेबांपुढे ठेवलं, बारा वेळा जुळवून दाखवल्या आणि शेवटी पहिलं पान उघडलं. साडेपाच तासांचा फरक साहेबांना दोनदा सांगावा लागला. तिसऱ्यांदा काका स्वतःच सांगायला उठले, त्यांना खाली बसवलं.

"या वेळा कुणी ऐकून लिहिलेल्या नाहीत, साहेब. लॉगबुकाच्या पानांवरून उतरवल्यात. या बाई अकरा वर्षांत त्या घरात गेलेल्या नाहीत. ती पानं आणखी एकाच ठिकाणी होती, आपल्या फाइलीत."

डॉक्टरीणबाईंनी एकदा, फक्त एकदा, बोर्डाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

फाइल फाटकाबाहेर जाऊ शकत नाही, बाई पुढे म्हणाल्या, आणि आपल्या खात्यातला माणूस आवक नंबर पडलेला कागद फाडत नाही. फाडला तर गुन्हा होतो. इकडचा तिकडे ठेवला तर नजरचूक म्हणता येते. तेव्हा ती याच इमारतीत, कुठेतरी सपाट पडलेली असणार. त्या नकाशेदादांकडे वळल्या. सकाळपासून कोरडा ठेवलेला आवाज इथे थोडा फाटला.

"दादा, पंचवीस वर्षं तुम्ही या बोर्डावर पेन्सिल ठेवताय. आजच का घरंगळते?"

दादांचा हात आपोआप कानावरच्या पेन्सिलीकडे गेला.

बाईंनीच पुढे होऊन बोर्डाची वरची कड उचलली. बोर्ड आणि त्याच्या चौकटीच्या मध्ये, चार बोटं जाडीची, एक्केचाळीस नंबरची फाइल पडली होती. तिच्यामुळे बोर्ड नेहमीपेक्षा जास्त उभट झाला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. साहेबांनी फाइल घेतली, नकाशा उलगडला, शिक्का आणि खालची सही पाहिली आणि पेनला टोपण लावलं.

मग दादांनी सांगितलं, अगदी हळू. लेकीचं लग्न डॉक्टरीणबाईंच्या मुलाशी ठरलेलं. वरच्या मजल्याचा नकाशा त्यांनीच काढलेला, ऑफिसातल्या माणसाने बाहेरचं काम करायचं नसतं तरी. तो मनोऱ्याच्या अंतरात अडकला. विहीणबाईंना काकांचा आवाज ऐकू यायचा हे खरं, पण तारखा-वेळा त्यांनी कधी टिपल्या नव्हत्या. आणि तारखांशिवाय तक्रार उभी राहत नाही हे दादांइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी फाइल काढली, मार्चची पानं बघून बारा ओळी टाइप करून दिल्या. मग सुनावणी लागली आणि ती पानं कुणाच्या नजरेला पडायला नकोत म्हणून काल फाइलच दडवली. मनोराही आपोआप बेकायदा ठरला असता. सापही मेला असता, काठीही तुटली नसती.

"काठी म्हणजे माझी सही," बाई म्हणाल्या. "ती तुटणार हे माहीत होतं तुम्हाला."

दादांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचे नऊच महिने तर राहिले होते, ताई."

हे वाक्य बाईंना जितकं लागलं तितकं ते चार पानी पत्रही लागलं नव्हतं. पंचवीस वर्षं समोर बसून जेवलेल्या माणसाने त्यांचं एकतीस वर्षांचं काम नऊ महिन्यांच्या भावात काढलं होतं. बाईंना रडू आलं आणि ते सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत.

साहेबांनी तक्रार फेटाळली. दादांना किल्ली खिळ्याला लावून घरी जायला सांगितलं. दादांनी जाताना बोर्ड नेहमीच्या उताराला बसवला आणि पेन्सिल त्यावर ठेवली. ती जागच्या जागी राहिली.

६

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा एकट्याने उघडला, अर्धा खाल्ला आणि ओव्हरकाकांकडे गेल्या. सुनेचा चेहरा त्यांना पाहून पडला. काका व्हरांड्यातच होते. आभार मानायचा त्यांचा काही विचार दिसला नाही आणि बाईही त्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांनी एक कागद पुढे केला.

ती नोटीस होती. लॉगबुकाप्रमाणे काका संध्याकाळी सातनंतर बोलतात; त्या वेळी दवाखाना उघडा असतो. तेव्हा टीव्हीत आवाज येतो हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं असू शकतं, वेळा खोट्या असल्या तरी. पंधरा दिवसांच्या आत रेडिओला टीव्हीतला आवाज अडवणारा फिल्टर बसवून तपासणी करून घ्यावी, नाहीतर नूतनीकरण थांबेल. खाली सही बाईंची. सांगून टाकायचं तर दादांनी त्या बारा वेळांत साडेपाच तास मिळवले असते तर ही तक्रार कोणीही खोडू शकलं नसतं, ओळंबासुद्धा.

काकांचा चेहरा लाल झाला. "काल वाचवलंत आणि आज नोटीस?"

"काल मी माझी सही वाचवली. तुमचा मनोरा मध्ये आला म्हणून वाचला," बाई म्हणाल्या. "पोच द्या."

काकांनी दात ओठ खात पोचेवर सही केली, तारीख घातली आणि भिंतीकडे पाहून वेळ लिहिली, ७:२०. बाईंनी कागद परत पुढे सरकवला. काकांनी त्यांच्याकडे जळजळीत पाहिलं, ७:२० खोडलं आणि १२:५० लिहिलं. शेवटी त्यांना 'ओव्हर' म्हणायचं भान राहिलं नाही.

परत जाताना बाई अंगणातून गेल्या. मनोऱ्यापाशी थांबून त्यांनी सवयीने पर्समधून ओळंबा काढला आणि खांबाला लावला. दोरी हलायची थांबेपर्यंत वाट पाहिली. व्हरांड्यातून काका टक लावून बघत होते. साठ फूट मनोरा रेसभरही कललेला नव्हता. बाईंनी ओळंबा गुंडाळून ठेवला आणि काकांना काहीही न सांगता फाटक ओढून घेतलं.